गुलाबी उशीतलं शेवाळ

मला शेवाळ आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्या दाराच्या पायऱ्यांवर ते दरवर्षी येतं आणि दरवर्षी मी सोडा आणि तारेचा ब्रश घेऊन ते खरवडून काढते. एकदा अशीच घासत बसले होते, तर शेजारचा स्ट्रुआन मॅकनॅब कुंपणावरून उडी मारून आला आणि माझ्या तिसऱ्या पायरीवर चक्क आडवा झाला. तेव्हा त्याचं वय होतं सहासष्ट. "ही एवढी सोड, एफी," म्हणाला. "बाकीच्या हव्या तेवढ्या घास." काय होतं त्या पायरीवर? काही नाही. हिरवं होतं. पण त्या गोष्टीला आठ वर्षं झाली, ती पायरी मी अजून घासलेली नाही, आणि पोस्टमन तिच्यावरून दोनदा घसरलाय.

स्ट्रुआन शेवाळवाला आणि त्याची धाकटी बहीण इशबेल फुलवाली. त्यानं जन्मभर रस्ते खात्यात नोकरी केली, तिनं गावच्या शाळेत पोरांना वळण लावलं. लग्न दोघांनीही केलं नाही. आईवडिलांच्या घरात दोघं राहतात, आणि वाटणी सूर्याला विचारून केलेली आहे. दक्षिणेची बाजू इशबेलची. तिथं काचेचं घर, आणि त्यात उंच डोंगरावरच्या फुलझाडांच्या दीडशे कुंड्या. उत्तरेची बाजू स्ट्रुआनची. तिथं ओली भिंत, कोळशाची कोठी आणि एक गळकं पन्हाळं, जे तो दुरुस्त करू देत नाही, कारण गळणाऱ्या पाण्याखाली म्हणे कोणीतरी राहतं.

सकाळी ओटची लापशी खाताना त्यांची खिडकी उघडी असते, म्हणून मला सगळं ऐकू येतं. नसती तरी आलं असतं.

"फूल म्हणजे काय गं शेवटी?" तो सुरुवात करणार. "माशीनं यावं म्हणून केलेला नट्टापट्टा."

"आणि शेवाळ म्हणजे ओल्या भिंतीला झालेली खरूज."

"माझं शेवाळ वाळून भुगा व्हायला आलं तरी एका थेंबावर उठून बसतं. तुझ्या बायका दोन दिवस पाणी चुकलं की माना टाकतात."

"तुझं मेलंय का जिवंत आहे ते बघायला भिंग लागतं. माझं फूल आंधळ्यालासुद्धा दिसेल."

"दिसतं, म्हणूनच डोळे मिटावेसे वाटतात."

हे भांडण पन्नास वर्षं चाललंय. त्यात कोणी हरत नाही, म्हणून ते संपतही नाही.

आता या दोघांच्या मधोमध येऊन बसलेलं एक झाड आहे. लॉअर्स या आमच्या डोंगराच्या माथ्याजवळ, जिथं मेंढरंसुद्धा विचार करून जातात, तिथं ते खडकाला चिकटून वाढतं. फूल नसेल तेव्हा कोणीही त्याला शेवाळच म्हणेल. तसंच बुटकं, तसंच दाट, हिरव्यागार उशीसारखं. मग जूनमध्ये त्या उशीवर इतकी गुलाबी फुलं येतात की खालचं हिरवं शोधावं लागतं. आम्ही त्याला शेवाळफूल म्हणतो. डोंगरावर ते असं फुलतं, पण खाली गावात आणून लावलं की रुसून बसतं. हिरवं राहतं, गलेलठ्ठ होतं, आणि मेहेरबानी केल्यासारखी तीन फुलं देतं.

इशबेलनं एकोणीस वर्षांपूर्वी बी पेरून ते वाढवलं होतं. एकोणीस वर्षांतला उच्चांक पाच फुलांचा.

"धड तुझ्यात नाही, धड माझ्यात नाही," स्ट्रुआन म्हणायचा. "नाव आमचं लावायचं आणि थाट तुमचा करायचा, तोही जमत नाही."

पण दोन वर्षांपूर्वी त्यानंच तिला वाट दाखवली. खरं तर चिडून बोलला होता. "काचेत ठेवून लाड करतेस म्हणून ते माजलंय. माझ्या भिंतीशी आणून ठेव. अंगावर बर्फ पडू दे, जरा वारा खाऊ दे." इशबेलनं तोंड वाकडं केलं, पण कुंडी उचलून उत्तरेला नेली. स्ट्रुआननं डोंगरातल्या ओढ्यावरून आणलेल्या चपट्या दगडांच्या कपच्या स्वतःच्या हातानं झाडाच्या बुंध्याशी खोचून दिल्या. दोन हिवाळे ती कुंडी तिथं होती. आणि यंदा, खाली गावात ऊब लवकर येते म्हणून एप्रिलच्या सुरुवातीलाच, तिच्यावर कळ्या आल्या. मी मोजायला बसले आणि दोनशेनंतर सोडून दिलं.

मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी गावच्या सभागृहात आमच्या बागप्रेमी मंडळाचं डोंगरफुलांचं प्रदर्शन असतं. सगळ्यात चांगल्या झाडाला चांदीचं पदक मिळतं. मागची अकरा वर्षं ते लॅकलन गिलक्रिस्ट घेऊन जातो. हा निवृत्त दाताचा डॉक्टर, मंडळाचा चिटणीसही तोच, आणि कुंड्या साफ करायला दातांचीच हत्यारं वापरतो. माणूस वाईट नाही. फक्त दरवर्षी जिंकतो.

"यंदा नाही तर कधीच नाही, एफी," इशबेल मला म्हणाली. "असं झाड परत फुलायला मी काही नव्वदीपर्यंत थांबणार नाही. मला ते पदक हवंय. आणि हवंय म्हणायची मला लाज नाही."

तिला मी चाळीस वर्षं ओळखते. एखादी वस्तू हवी आहे असं तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

प्रदर्शनाच्या सकाळी नऊ ते अकरा कुंड्यांची साफसफाई चालते. सगळे जण चष्मे आणि भिंगं लावून चिमट्यानं वाळकी पानं वेचत असतात. त्यात सर्वांत मोठा शत्रू शेवाळ. कुंडीत एकच झाड हवं, दुसरं काही उगवलेलं दिसलं की ती कुंडी घाणेरडी समजतात आणि पदक गेलं. इशबेलचे हात थरथरतात, म्हणून तिच्या कुंड्यांमधलं शेवाळ काढायचं काम दरवर्षी स्ट्रुआनकडे. आता यातली गंमत बघा. शेवाळासाठी माझ्या पायरीवर लोळणारा हा माणूस मंडळातला सर्वांत हुशार शेवाळ-उपट्या आहे, कारण प्रत्येक काडी कुठून सुरू होते ते त्यालाच कळतं. काढताना तो पुटपुटून त्या शेवाळाची माफी मागतो आणि मग ते मुरंब्याच्या बरणीच्या झाकणात ठेवून घरी नेतो. इशबेल त्या झाकणांना अनाथाश्रम म्हणते.

मी सभागृहात चहाचं बघते. त्या सकाळी स्कोनच्या गोल पावांचं ताट घेऊन आत आले, तर स्ट्रुआन त्या गुलाबी कुंडीवर वाकला होता आणि अजिबात हलत नव्हता. मला वाटलं, गेला.

"स्ट्रुआन?" इशबेलनं विचारलं. "किती वेळ लावतोस? दहा वाजले."

"हे मी एकदाच पाहिलंय," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हताच. "अठ्ठावीस वर्षांचा होतो. लॉअर्सच्या कड्यावर, एका फळीएवढ्या जागेत. पुढच्या हिवाळ्यात ती कड कोसळली. त्यानंतर नाही. मलाही नाही, कोणालाही नाही."

मग त्यानं एक लॅटिन नाव घेतलं. ते मला लिहिता येणार नाही आणि त्याच्या तोंडाशिवाय शोभणारही नाही.

इशबेलनं वाकून पाहिलं. उशीच्या कडेला, दोन फुलांच्या फटीत, नखाएवढं काहीतरी सोनेरी हिरवं होतं. ते दगडावर नव्हतं, थेट तिच्या झाडाच्या अंगातून वर आलं होतं.

"तू लावलंस," ती म्हणाली.

"इशबेल."

"तुझी भिंत, तुझ्या कपच्या. पन्नास वर्षं मला हरवता आलं नाही, म्हणून आज, अगदी आज—"

"मला हे लावता आलं असतं तर मी जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस असतो. ते कपच्यांबरोबर आलं असेल. मला दिसलं नाही. तुझ्या फुलांनी झाकलं होतं."

"काढ ते."

"काढतो," स्ट्रुआन म्हणाला. "तुझी कुंडी आहे."

"झाकणात ठेव, जगेल."

"नाही जगणार गं. मुळापासून गुंतलंय. पण काढतो."

त्यानं चिमटा उचलला. तीनदा त्यानं प्रयत्न केला, आणि मग चिमटा बहिणीपुढे धरला. "तूच काढ. मी तिकडे बघतो."

इशबेलनं चिमटा घेतला, पण नुसत्या डोळ्यांना दिसणार काय? म्हणून तिनं त्याच्या गळ्यातलं भिंग ओढलं, त्याच्या मानेसकट. पन्नास वर्षांत त्या भिंगातून तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. त्यानं हजारदा पुढं केलं होतं आणि तिनं हजारदा "मला कामं आहेत" म्हटलं होतं.

ती बराच वेळ वाकलेली राहिली, आणि स्ट्रुआन दोरीला बांधलेल्या बोकडासारखा तिच्याबरोबर वाकलेला.

"प्रत्येक पानाच्या टोकाला पांढरा केस आहे," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि केसाला बारीक दाते."

"हो."

ती उभी राहिली. चेहरा असा, की शाळेतली पोरं बाकाखाली गेली असती. "घेऊन जा ती कुंडी टेबलावर," ती म्हणाली. "आहे तशी. आणि एक शब्द बोलू नकोस माझ्याशी."

परीक्षक एडिंबराहून आलेले, डॅलरिंपल नावाचे. गुळगुळीत बोलणं, रेशमी रुमाल. अकरा वाजता सगळ्यांना बाहेर काढून दार लावतात, आत फक्त परीक्षक आणि चहावाली. मी त्यांना मसुराचं सूप नेऊन दिलं, मागाहून चहा. ते त्या गुलाबी कुंडीसमोर हात मागे बांधून उभे होते आणि स्वतःशीच "च्च, च्च" करत होते. साडेबाराला मी कप गोळा केले. त्यांच्या बशीत बिस्किटाच्या चुऱ्याजवळ एक हिरवा कण होता. मला वाटलं, माझ्या सूपमधल्या पार्सलीचं पान. मी बशी चोथ्याच्या बादलीत झटकली. पिशव्यांचा चहा मी करत नाही, चांगली पत्ती उकळते, त्यामुळे बादली गळ्यापर्यंत भरलेली असते. हे सगळं पुढं माझ्यावरच उलटायचं होतं.

एक वाजता दारं उघडली. इशबेलच्या कुंडीला लाल कार्ड लागलेलं. सर्वोत्तम. लोक तिच्याभोवती गोळा झाले, लॅकलननं सगळ्यात आधी हात मिळवला, आणि तिला काही समजेना. शेवाळासकट कसं जिंकलं, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. स्ट्रुआन गर्दीतून पुढे गेला, कुंडीवर वाकला, भिंग लावलं. मग भिंग गळ्यातून काढून खिशात ठेवलं आणि मागच्या रांगेत जाऊन बसला.

अडीचला पदकाचा कार्यक्रम. डॅलरिंपलसाहेबांनी पदक हातात घेतलं, इशबेलच्या कोटाजवळ पिन नेली, आणि भाषण सुरू केलं. माणसाला पिन आणि भाषण एकदम देऊ नये.

"असं शेवाळफूल मी आयुष्यात पाहिलं नाही," ते म्हणाले. "एवढंसंच गालबोट होतं. कडेला शेवाळ. बाईंच्या नजरेतून सुटलं असणार, वयच तसं आहे. अशा झाडानं तेवढ्यासाठी हरावं हे मला पाहवेना, म्हणून मीच चिमट्यानं काढून टाकलं."

टाळ्या पडल्या. लोकांना तो मोठेपणा वाटला, आणि साहेबांनाही. आमच्या मंडळात दुसऱ्याच्या कुंडीतलं शेवाळ काढणं म्हणजे दुसऱ्याच्या पोराचं नाक पुसण्यासारखं, प्रेमाचं काम. सगळ्यात जोरात टाळ्या मागच्या रांगेतून येत होत्या. स्ट्रुआन उभा राहून वाजवत होता, लाल तोंडानं, थांबतच नव्हता.

इशबेलनं त्याच्याकडे पाहिलं. पिन कोटात अर्धी शिरली होती.

"कुठं टाकलंत?" तिनं विचारलं.

"काय?"

"शेवाळ. कुठं टाकलंत?"

या प्रश्नानं तिचं पदक जाऊ शकतं हे लॅकलनच्या बरोबर लक्षात आलं, चिटणीस आहे तो. तो घाईनं पुढे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "इशबेल, खाली बसा. तुम्ही काही विचारलं नाही आणि आम्ही काही ऐकलं नाही."

अकरा पदकं मी त्याला त्या क्षणी माफ केली.

"मी विचारलंय, लॅकलन," ती म्हणाली. "ते शेवाळ माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. मला माहीत होतं. मी मुद्दाम ठेवलं होतं."

"म्हणजे कुंडी साफ न करता," डॅलरिंपलसाहेब म्हणाले, "जाणूनबुजून? मग नियमाप्रमाणे मला—"

"नियम मला पाठ आहेत. पिन काढा आणि सांगा कुठं टाकलंत."

साहेबांनी पिन काढली. बिचाऱ्यांचा रुमाल कपाळावर गेला. "बशीत," ते म्हणाले. "चहाच्या बशीत ठेवलं होतं बहुतेक."

चाळीस माथी माझ्याकडे वळली.

पुढचा तासभर काय झालं ते मी सांगते, पण तुम्ही विश्वास ठेवणार नाही. सभागृहाच्या फरशीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरली. माझी बादली त्यावर थोडी थोडी ओतली. आणि आमच्या खोऱ्यातली चाळीस प्रतिष्ठित माणसं गुडघ्यांवर बसून, भिंगं लावून, चिमट्यानं आणि रंगाच्या ब्रशनं चहाचा चोथा वेचायला लागली. जगात दुसऱ्या कुठल्या मंडळाला हे जमलं नसतं. लॅकलननं दाताचं हत्यार काढलं. डॅलरिंपलसाहेबांनी कोट काढला. एक जण ओरडला, "सापडलं," तर ती माझी पार्सली निघाली. मग ती आणखी पाच वेळा सापडली.

"सूपमध्ये इतकी पार्सली कोण घालतं, एफी?" लॅकलन वैतागून म्हणाला.

"खाताना बरी गोड लागते तुम्हाला," मी म्हटलं. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

स्ट्रुआन एका कागदासमोर बसला होता, भिंग डोळ्याला लावून. त्याला काही दिसत नव्हतं. डोळे भरलेले असले की भिंगाचा काय उपयोग? त्याच्या हातातून ते इशबेलनं काढून घेतलं आणि त्याला बाजूला सरकवून स्वतः बसली. दहा मिनिटं गेली असतील.

"हे बघ," ती म्हणाली. "पांढरे केस."

चहात बुडून तपकिरी झालेल्या दोन काड्या होत्या. मी तर पुन्हा फेकल्या असत्या. स्ट्रुआननं त्या तळहातावर घेतल्या आणि होकाराची मान हलवली. त्या दोन काड्या त्यानं गुलाबी उशीच्या त्याच फटीत बोटानं दाबून बसवल्या, आणि पदक पांढऱ्या फुलांच्या एका झाडासाठी बाराव्यांदा लॅकलनच्या कोटावर गेलं. त्यानं ते लगेच काढून खिशात टाकलं.

संध्याकाळी माझ्या व्हॅनमधून परत निघालो. पुढच्या बाकावर तिघं, कुंडी इशबेलच्या मांडीवर, आणि स्ट्रुआन तिच्यावर ओणवा. सरोवराच्या कडेनं निम्मा रस्ता मागे पडला.

"मला ते पदक हवं होतं, स्ट्रुआन," इशबेल म्हणाली.

"माहीत आहे."

"फार हवं होतं. वाईट वाटतंय मला."

"सकाळीच काढून टाकायला हवं होतं मी. गुपचूप. तुला कळलंही नसतं."

पूल ओलांडला. मग ती म्हणाली, "कळलं असतं. तू माझ्याशी भांडायचा थांबला असतास. कपाटावर पदक, समोर तू, आणि रोज सकाळी 'फूल छान आहे हो तुझं' म्हणतोयस. घास उतरला असता माझ्या घशाखाली?"

मी तिरक्या नजरेनं पाहिलं, तर कुंडीवर वाकून स्ट्रुआन उघड उघड रडत होता.

"मागे हो," इशबेल म्हणाली. "माझ्या झाडाला पाणी जास्त झालेलं चालत नाही."

"माझ्याला चालतं," स्ट्रुआन म्हणाला.